अस्सल पिस्टन

—मी? मी अंड्यांच्या रांगेत होते. सगळे हेच विचारतात, आर्नाल्दो, कळलं तेव्हा तू कुठे होतीस, आणि खरं सांगितलं की चेहरे पडतात, कारण त्यांना काहीतरी हवं असतं — आरसा फुटला, मातेपुढची मेणबत्ती आपोआप विझली — तसलं काही झालं नाही. मंगळवार होता. रेशनच्या दुकानात अंडी आली होती, काळे घेवडे चुलीवर ठेवून मी धावले होते, आणि डोक्यात एवढंच, की घेवडे आधी करपतात का अंडी आधी संपतात. माझ्यापुढे दोनच बायका उरल्या होत्या. तेवढ्यात मागून मोटरसायकलचा आवाज आला, आपल्या गाडीचा — मी वळलेसुद्धा नाही, म्हणलं आला हा होवेयानोसहून, आता सगळ्या गल्लीसमोर हॉर्न वाजवणार — तर मोंगो. म्हणजे, जुन्या गाड्या सगळ्या सारख्याच खोकतात, म्हणून चुकले. मोंगो आठवतोय ना, मागच्या गल्लीतला, तुम्हा भावांबरोबर पुलाखाली खेकडे धरायला यायचा? आता टक्कल पडलंय त्याला, झोपताना तेवढं हेल्मेट काढतो. त्या दिवशी माझ्यासमोर येऊन काढलं. म्हणाला, नेरेइदा, रांगेतून बाहेर ये. मी म्हणलं, वेडा आहेस का, दोनच जणी राहिल्यात. मग त्याने तिथेच सांगितलं, सगळ्यांच्या देखत. आणि ऐक, तुला पटो न पटो, मी अंडी घेतली. त्या दोघी बाजूला झाल्या, दुकानातली पोरगी रडत रडत मोजत होती, तिच्याकडून एक जास्तच आलं, आणि तो ट्रे मांडीवर धरून मोंगोच्या मागे बसून मी होवेयानोसच्या दवाखान्यापर्यंत गेले. एकही फुटलं नाही. तुझ्या भावाच्या मागे बसले असते तर अर्ध्या वाटेतच ऑम्लेट झालं असतं.

होवेयानोसला त्याचं काय काम होतं म्हणजे? होतं काहीतरी. दंतवैद्याला कामं नसतात का? तू कॉफी पी. वाटाणा मिसळलेला आहे तिच्यात, तिकडे टँपात मिळत नसेल असली. आणि ते जाकीट काढ आधी. या उकाड्यात चामड्याचं जाकीट — मघाशी तू गल्लीच्या तोंडाशी टॅक्सीतून उतरलास ना, तेव्हा समोरच्या ओंदिनाने खिडकीतून मला विचारलं, नेरेइदा, सर्कस आलीय का गावात. हातमोजेही आणलेत. बरं. आणि हेल्मेटवर फाउस्तिनोचं नाव लिहून घेतलंयस, सोनेरी अक्षरांत, वा — तुमचा बाप जन्मात हेल्मेट घालायचा नाही, टोपी उलटी करायचा, झाली सुरक्षा.

कळतंय मला, रविवार. मोंगोने सांगितलंय. सगळे गाड्या घेऊन तुझ्या भावाच्या, एवेलियोच्या कबरीवर जाणार, वर्षश्राद्ध, आणि सगळ्यांच्या पुढे तू, बापाच्या गाडीवर. छान दिसेल. तुझ्या बायकोला चित्रफीत पाठवायची असेल ना? पाठव की. पण गाडी आज नको. आज मला — आज तिथे पाठीमागे कपडे वाळत घातलेत. उद्या बघू. अरे, पळून जाते का ती? ती पळाली असती तर आमचा संसार वेगळाच झाला असता.

तुला काय सांगू, तू गेलास तेव्हा हा नुसता दातांचा डॉक्टर होता. गाडी बापाची, हात बापाचे, हा नुसता कंदील धरायचा. फाउस्तिनो गेला आणि याच्या अंगात आला. यंत्रातलं काही शिकलेला नाही, पण दात कोरणाऱ्या माणसाला वाटतं जगातलं सगळं कोरता येतं. दवाखान्यात पेशंट तोंड उघडून बसलाय, रस्त्याने कुठली गाडी गेली की याचा हात थांबायचा — 'ऐकलंस? मागचा व्हॉल्व्ह' — आणि पेशंट बिचारा आ वासूनच मान हलवतोय. पुढचा दिवा बघशील तू, तो दवाखान्यातल्या मोडीत निघालेल्या खुर्चीवरचा आहे, दात बघायचा. मोंगो म्हणायचा, समोरून येणारा माणूस आपोआप तोंड उघडतो. सीटला त्याच खुर्चीचं कातडं. कार्ब्युरेटरखाली पॅकिंग हवं होतं, ते एक्स-रेच्या फिल्मचं कापलं, कुणाची तरी अक्कलदाढ आहे त्यावर अजून, उन्हात धरलं की दिसते. मी म्हणलं, निदान अक्कल या घरात कुठेतरी बसवलीस. आणि मुठी. हँडलच्या रबरी मुठी झिजल्या, तर याने कवळ्या ज्याच्या करतात ना, तो हिरड्यांच्या रंगाचा माल — त्याच्या ओतल्या. गुलाबी. दोन्ही बाजूंना. बोटांच्या खाचांसकट. अख्ख्या मातान्सासमध्ये मोटरसायकलला हिरड्या असलेलं आमचं एकच घर. मी वर्गात फळ्याकडे तोंड केलं की मागून पोरं म्हणायची, बाईंची गाडी चावते.

पण त्याला ते आवडायचं नाही बरं का, मनातून. ते नाइलाजाचं. लोक म्हणायचे काय नटवलीस रे, आणि हा वरवर हसायचा. त्याला ती जुनी अमेरिकन गाडी कारखान्यातून निघाली तशी हवी होती, एकेक स्क्रू अस्सल. म्हणजे एकीकडे हिरड्या बसवायच्या आणि दुसरीकडे स्वप्नं बघायची की एक दिवस हे सगळं काढून — अस्सल. या शब्दाने माझं डोकं उठायचं. या बेटावर अस्सल काय आहे? कॉफीत वाटाणा आहे, माझ्या फ्रिजला पंख्याची मोटर आहे, तुझ्या वहिनीचे पुढचे दोन दात तुझ्या भावाने केलेत. चालतंय ना? मग.

—ते सोड. आर्नाल्दो, गाडीवरच्या ताडपत्रीला हात नको लावूस. कपडे ओले आहेत, अंगावर पडतील — अरे — काढलीस ना. तुमच्या घराण्यात एकाला तरी ऐकू येतं का?

बघ मग. बघ आता नीट. धूळ मिळायची नाही, पुसते मी. ते दोन दांडे वर आलेत ना, भाजलेल्या कोंबडीची हाडं उरावीत तसे, त्यांना पिस्टन असतात, आणि पिस्टनवर सिलेंडर. असायला हवेत. नाहीयेत. चोरीला? गुलाबी हिरड्यांच्या गाडीचे सिलेंडर चोरून कोण पचवणार या गावात? आणि गेल्या वर्षी काढले असंही नाही. म्हणजे सिलेंडर गेल्या वर्षी काढले, पण गाडी — बस तिथे, त्या बादलीवर बस. उभ्याने नको ऐकूस. गाडी चार वर्षांत एक पाऊलसुद्धा चाललेली नाही.

मी सांगणार नव्हते. ठरवलं होतं, की रविवारपर्यंत कपड्यांवर काढू, मग म्हणू बिघडली अचानक, जुनी आहे, आणि तू जाशील परत. पण तू थांबतोस कुठे. तुमच्यात सगळ्यांना घाई, आणि वेळेवर पोचत कुणीच नाही.

तुझे पिस्टन, आर्नाल्दो. तू पाठवलेले. तिकडून लोकांचं सामान आणून देणाऱ्या त्या रेग्लाच्या बाईने आणले, साबणाच्या वड्या, पोरांच्या चपला, त्यात ती पेटी. एवेलियोने आधी कोपरापर्यंत हात धुतले, दाढ काढताना धुतो तसे. मग झाकण उघडलं. तेलकट कागदात गुंडाळलेले दोन अस्सल पिस्टन, चकचकीत, जन्माला आल्यापासून कुणी हात न लावलेले. शेजारपाजार बघायला आला, बारशाला येतात तसा. ओंदिनाने तर त्यांना टाळी वाजवून दाखवली. आणि आनंदाच्या भरात या शहाण्याने काय केलं? गाडी उघडली, अमेरिकन भाग मिळेनात म्हणून बापाने बसवलेले जुने रशियन पिस्टन काढले, पुसले, टॉवेलात गुंडाळले आणि त्याच संध्याकाळी मोंगोला देऊन टाकले. मोंगोची गाडी कधीची पडून होती, पिस्टनला तडा, आणि माप तेच, रशियन. भाषणही केलं. 'आजपासून या घरात रशियन पाहुणा नको.' मोंगो रडला. रमची बाटली संपली. आणि सकाळी याने तुझा अस्सल पिस्टन आपल्या अस्सल सिलेंडरमध्ये सोडला.

टक टक टक. ग्लासात चमचा हलवावा तसा. मी स्वयंपाकघरातून ऐकलं. मला वाटलं साखर ढवळतोय.

कसा बसेल? मोजलं कुठे होतं त्याने? जो माणूस केसाच्या जाडीत जगला, कवळीखाली टोमॅटोची बी अडकली तरी ज्याला कळायचं, त्याने मोजलं नाही. का नाही मोजलं, ते तुलाही माहीत आहे. फाउस्तिनो वर्षअखेरीला डुक्कर भाजायला लागला की काय सांगायचा दरवर्षी? सांग की. 'सगळ्यांनी रशियन पिस्टनसाठी आपापल्या गाड्या कापल्या. मी माझ्या गाडीला हात लावला नाही. मी रशियन कापला.' लेथवर धरून रशियन पिस्टन तासला आणि आपल्या सिलेंडरच्या मापाचा केला म्हणे. लोक टाळ्या वाजवायचे, तू आणि एवेलियो सगळ्यांत जोरात. आणि खरं काय होतं? म्हाताऱ्याने गुपचूप सिलेंडरचाच बोअर, म्हणजे आतलं भोक, वाढवून घेतला होता, इतर सगळ्यांनी घेतला तस्साच. अस्सल पिस्टनभोवती फट पडावी एवढा. त्यात लाज कसली, सगळं गाव तेच करत होतं, पण नाही, भाजलेल्या डुकरासमोर शौर्य हवं ना. मग पोरांनी बापाचा शब्द मोजायचा का? नाही मोजला. त्या गाडीत एकुलती एक अस्सल वस्तू आली आणि तीच गाडीला चालेना.

मोंगो, हां, मोंगोला कळलं तसा तो दुसऱ्याच दिवशी टॉवेल घेऊन दारात. म्हणाला, घे बाबा तुझे परत, मी अजून बसवलेले नाहीत. तुझा भाऊ काय म्हणाला असेल? 'उपटलेला दात परत बसवत नाहीत.' आणि दार लावलं. सुंभ जळला तरी पीळ जाईल तर शपथ. मी म्हणलं, मग आर्नाल्दोला कळव, काहीतरी मोठ्या मापाचं बघेल. तर म्हणाला, एवढ्या मोठ्या मापाचे अस्सल नसतातच. मी म्हणलं, नसेनात, नुसतं कळव तरी, भाऊ आहे. तो उठून आत गेला. मग फोन घेऊन आला आणि मला तुझा निरोप ऐकवला, पेटीबरोबर तू आवाजात पाठवला होतास तो. मी तोवर ऐकला नव्हता. तू रडतोयस त्यात. 'बाबांना माती द्यायला मी नव्हतो. ही माझी मूठभर माती समज.'

आता बोल. अशा माणसाला काय लिहायचं — माती मापात बसत नाही? आपलेच दात आणि आपलेच ओठ.

तर मग नाटक. तुझा फोन रविवारी यायचा. शनिवारीच मोंगोला सांगून ठेवायचं. तो ते रशियन पिस्टन बसवून चालू केलेली आपली गाडी ढकलत इथे अंगणात आणायचा, आवाज न करता, मग फोन वाजला की एवेलियो हाताने खूण करायचा, मोंगो किक मारायचा, आणि हा फोन त्या धुरांड्याजवळ नेऊन म्हणायचा, ऐक, ऐक, लोणी आहे लोणी. मोंगोला बोलायची बंदी. एकदा त्याला धुराने ठसका लागला तर तू विचारलंस, गाडी खोकतेय का रे, आणि एवेलियो म्हणाला, थंडी आहे. ऑगस्टात. तू म्हणायचास चित्र दाखव, आणि हा म्हणायचा इथे नेट वाईट आहे. नेट वाईटच असतं, पण एवढं नाही. आणि तू काय म्हणायचास प्रत्येक वेळी? 'बाबांच्या गाडीचा आवाज मी लाखात ओळखेन.' मी तिथेच तांदूळ निवडत बसलेली असायचे, मला हसू आवरायचं नाही. पण तुझं बरोबर होतं, बघ. तेच पिस्टन, फाउस्तिनोचे, नुसते दुसऱ्या गाडीत. आपली गाडी इथे पडून आहे हे माहीत असूनही रांगेत क्षणभर मीही त्यालाच फसले.

का म्हणून हसायचं नाही? तू घरात नव्हतास. फोन ठेवला की मोंगो गाडी घेऊन जायचा आणि तुझा भाऊ इथे, बरोबर तू बसलायस तिथे, बसून राहायचा. मला म्हणायचा, पुढच्या वेळी सांगतो. तीन वर्षं पुढची वेळ. बापाने बोअर लपवला, यानं गाडी लपवली, आणि तू — तू दरवर्षी येतो म्हणालास. घराण्याची कला आहे. मी लग्न करून आले म्हणून, नाहीतर मलाही जमली असती. जमवत होतेच की मघापासून, कपडे वाळत घालून.

मघाशी विचारलंस ना, ते होवेयानोसचं काम हेच. आता उरलंय काय लपवायला. गेल्या वर्षी तू जूनमध्ये येतो म्हणालास, या वेळी नक्की, तिकीट काढलं, दोघं मिळून गाडीवरून समुद्रापर्यंत जाऊ. एवेलियोचा चेहरा तू बघायला हवा होतास. इतकी आनंदाची बातमी आणि माणूस पांढराफटक. मग शोधाशोध. होवेयानोसला लीनो म्हणून टर्नर आहे, लेथवाला, त्याच्याकडे कुठल्याशा जुन्या पंपाचं बिडाचं नळकांडं होतं, ते सिलेंडरच्या आत स्लीव्ह म्हणून, अस्तरासारखं ठोकायचं आणि तुझ्या पिस्टनच्या मापाला बोअर करायचं. म्हणजे म्हाताऱ्याने जेवढं कापलं तेवढं पोराने परत भरायचं. होण्यासारखं होतं. तांदळाच्या गोणीत सिलेंडर घातले, सकाळच्या ट्रकने उभ्याने गेला. मी म्हणलं, मोंगोला घेऊन जा. तर म्हणे, मोंगोला काय सांगू, की आता तुझी नाटकातली नोकरी गेली? छान हसला. पोचला तर लाइट गेलेली. लीनो म्हणाला, डॉक्टर, करंट आल्याशिवाय लेथ फिरत नाही, बसा बाहेर बाकावर. बसला. दुपार गेली. लाइट आली तेव्हा लीनोने आतून हाक मारली, डॉक्टर, आता होईल तुमचं काम. आणि हा उठला नाही.

तुझ्यामुळे असं मी म्हणत नाहीये. हृदय त्याचं होतं, डॉक्टरने आधीच सांगितलेलं, आणि ओझी उचलू नकोस म्हणून मीही सांगितलेलं. म्हणत नाहीये मी तसं. जूनमध्ये तू आला असतास तर — नाही आलास. तिकीट जूनचं होतं, हा मेमध्येच गेला, मातीला यायला तुला जमलं नाही, आणि मग जूनमध्ये तुला वाटलं, आता कुणासाठी. मी होते की इथे. असो. अंडी होती, आठवडाभर माणसं येत होती, मी ऑम्लेट करत होते.

—रडायचं तर रड, पण त्या सीटवर नको, कातडं खराब होतं. तेवढंच एक बरं कातडं आहे तिच्यावर. आणि मोंगोला काही बोलू नकोस. तुला भेटला की तो आधी माफी मागेल, त्याला मागू दे, चार वर्षं साठवलीय त्याने. रविवारी त्याच्या मागे बस. पुढे-बिढे काही नाही, मागे बस, खाली बापाचे पिस्टन आहेत, तुला काय करायचंय कुणाच्या गाडीत आहेत. जाकीट नको. हेल्मेट घाल, पण ते सोनेरी नाव आतल्या बाजूला जातं का बघ.

सिलेंडर तू आणणार? नाही. तू जायचं नाहीस तिथे. का ते विचारू नकोस, माझ्या नवऱ्याचं काम आहे, तुझ्या भावाचं नाही. लीनोने त्याच आठवड्यात पुरं केलंय सगळं, माप काढून, चोख, दोनदा निरोप आला, घेऊन जा म्हणून. माहीत आहे मला, आणले की तुझे पिस्टन बसतील, आणि मोंगो दोन दिवसांत गाडी चालू करून देईल. माहीत आहे. पण त्या दुकानासमोर म्हणे एकच बाक आहे, आणि करंट असो नसो, लीनो सामान बांधून देईपर्यंत माणसाला त्यावरच बसावं लागतं.

कप ठेव तिथेच. आणि ती ताडपत्री ओढून घे परत, होती तशी. जा आता, मोंगो वाट बघत असेल.

सिलेंडर होवेयानोसलाच आहेत. मी अजून आणायला गेले नाही.